नऊ वर्षांचं फूल

"आधी ओठ बघा," अण्णा म्हणाले. "बाकीचं मागाहून."

मी कुंडीसमोर वाकले होते. कळी फुटली होती. वरची पाकळी मोकळी झाली होती, बाजूच्या दोन अजून एकमेकींना धरून होत्या, आणि त्यांच्या मधून ओठाची कड बाहेर आली होती. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी इतरांपेक्षा वेगळी असते, पुढे आलेली, झालरीची. तिला आम्ही ओठ म्हणतो. फुलाची सगळी ऐट त्या ओठात असते. या फुलाचा ओठ मधोमध चिरलेला होता. एक भाग आत वळून चिकटला होता, आणि दुसऱ्यावर चहा सांडून वाळावा तशा तपकिरी रेघा होत्या.

"दिसतंय का काही?"

"अजून मिटलेलंच आहे," मी म्हटलं.

"रंग तरी?"

"पांढरा."

"आणि ओठ?"

"पिवळा वाटतोय. परवापर्यंत नीट कळेल."

इतक्या सहज मी खोटं बोलू शकते, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. अण्णांनी खुर्चीत मान मागे टाकली आणि दोन्ही हातांनी मांड्या थोपटल्या. "पांढऱ्यात पिवळा! मी काय सांगत होतो बाई? नऊ वर्षं सांगतोय."

त्यांचे डोळे काचबिंदूनं गेले आहेत. उजव्या डोळ्याच्या कडेला थोडा उजेड कळतो, बस. फूल उमललं की ते हातानं बघतात, तेही लगेच नाही. नुकतं उमललेलं फूल कोवळं असतं, बोट लागलं तर डाग पडतो. पाकळ्या पसरून ताठ व्हायला तीनेक दिवस जातात. म्हणजे आज रविवार, तर बुधवारी.

"बुधवारी या," ते म्हणाले. "तुमच्यासमोरच बघीन."

माझ्या पर्समध्ये तपासणीचा कागद होता. गुरुवारपासून होता.

अण्णांनी आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या. "चाळीस वर्षं जगाला वर पोचवलं, आपण मात्र कायम खड्ड्यात," असं ते स्वतःच सांगतात, कारण लिफ्टच्या दुरुस्तीचं निम्मं काम तिच्या खालच्या खड्ड्यात उभं राहूनच करायचं असतं. गच्चीवरची ही काचेची खोली त्यांनी लिफ्टच्या जुन्या दारांच्या चौकटी जोडून उभी केली. आत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर बासष्ट कुंड्या. सूनबाई कधीमधी तक्रार करते की वाळत घालायला जागा नाही, पण सासऱ्याचा चहा ती स्वतः दोन जिने चढून वर आणून देते, म्हणून तिच्या तक्रारीला काही अर्थ नाही.

दिसत होतं तेव्हा अण्णांनी दोन ऑर्किडांचं लग्न लावलं होतं. एक मोठं पांढरं, एक बुटकं पिवळं. काडीनं पराग काढून दुसऱ्या फुलात ठेवला, शेंग धरली, बी बाटलीत रुजवून घेतलं. चाळीस रोपं आली. पहिल्या उन्हाळ्यात बत्तीस गेली, पुढे एकेक करत सहा, आणि एक गोगलगायीनं खाल्लं. राहिलं ते हे एक. बुटकी झाडं, पांढरी फुलं आणि पिवळा ओठ, असं काहीतरी अण्णांच्या मनात होतं. जगात याच्यासारखं दुसरं झाड नाही, कारण याची भावंडं सगळी मेली. हे फुलेपर्यंत आपल्याला दिसत राहील असं त्यांना वाटलं होतं, पण डोळे थांबले नाहीत.

मग डोळे म्हणून मी. दर रविवारी पाणी घालायचं, वाळलेलं काढायचं, कुंड्या बदलायच्या आणि काय काय उमललंय ते सांगायचं. ऑर्किडांतलं मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. माझं म्हणाल तर मी एका इस्पितळात एकतीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुतली. धुवायची, मोजायची, कापडात बांधायची, वाफेच्या पेटीत घालायची. लोकांना सर्जन माहीत असतो, फार तर नर्स माहीत असते. आम्हाला कुणी ओळखत नाही, आणि आमची चूक झाली तरच आमची आठवण होते. माझी कधी झाली नाही. इस्पितळात मला वाफबाई म्हणायचे. आधी चिडवायला, नंतर सवयीनं, आणि शेवटी शेवटी, मला वाटतं, मानानं.

निवृत्त झाले तेव्हा माझ्या हाताखालच्या मुलींनी मला एक कात्री दिली. बारीक पात्यांची, डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरतात त्या जातीची. असल्या कात्रीला वाफ मानवत नाही, धार जाते, हे मी स्वतः किती नव्या पोरींना ओरडून शिकवलं असेल. तिला वेगळ्या द्रावणात बुडवून ठेवायचं असतं. घरी कुठलं द्रावण? मी स्पिरिटनं पुसायची. प्रत्येक कुंडीनंतर, पात्याच्या दोन्ही बाजूंनी, आतून बाहेर. माझ्या लेखी तेवढं झाडांना पुष्कळ होतं. झाडाला कसला आलाय जंतू!

गेल्या वर्षी माझ्या खिडकीतल्या जांभळ्या झाडाला एक अजब फूल आलं. बाजूच्या दोन्ही पाकळ्यांना ओठासारखी झालर. एका फुलाला तीन ओठ. मी कुंडी छातीशी धरून चार रस्ते चालत अण्णांकडे आले. भाऊ मागून म्हणत होता, "अगं, झाड आहे ते, बाळंतीण नव्हे!" अण्णांनी करंगळीच्या टोकानं ते फूल एवढा वेळ बघितलं की माझा चहा गार झाला.

"बाई, हे वेगळं आहे," ते म्हणाले. "पण एकदा आलेल्याला आमच्यात कुणी विचारत नाही. थंडी, ऊन, कशानंही एखादं फूल बिघडतं. पुन्हा असंच आलं, तिसऱ्यांदा असंच आलं, तर म्हणायचं नवा प्रकार. मग नाव द्यायचं."

"काय नाव देणार?"

"वाफबाई! अजून काय?"

मी हसले, पण मला फार आनंद झाला होता. माझ्या नावाचं जगात काही नाही. राहते त्या घराच्या दारावरही भावाची पाटी आहे. त्याच आनंदात तिथेच, अण्णांच्या मांडणीवर, मी त्या कात्रीनं झाडाचे दोन वाटे केले. एक त्यांना ठेवला. लगेच हातासरशी त्यांच्या कुंड्याही बदलायला घेतल्या, कारण सगळ्या बदलायला आल्या होत्या. सगळ्यात पहिलं हे नऊ वर्षांचं झाड घेतलं. त्याची कुजकी मुळं कापली. कात्री पुसली होती. दोनदा पुसली होती, हे मला पक्कं आठवतं.

या वर्षी माझ्या जांभळ्याला पुन्हा फूल आलं ते तीन ओठांचं नव्हतं. सगळं चुरगळलेलं होतं, पाकळ्यांवर पट्टे. शेजारच्या गुलाबीलाही तसंच. त्याच्या शेजारच्यालाही. एकाच कुंडीत झालं तर त्याला नवल म्हणतात. ओळीनं तीन कुंड्यांत झालं की त्याला साथ म्हणतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं, तरी मी पंधरा दिवस स्वतःला खत जास्त झालं, ऊन जास्त झालं, असं सांगत राहिले.

शेवटी पानं घेऊन रोपवाटिकेच्या तपासणी-खोलीत गेले. तिथली मुलगी चुणचुणीत होती. पान कुटलं, रसात कागदाची पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या.

"विषाणू आहे काकू. कात्री कशानं साफ करता?"

"स्पिरिटनं."

"स्पिरिटनं हा मरत नाही. जाळावर लाल होईपर्यंत धरावी लागते, नाहीतर दर झाडाला नवीन पातं. बऱ्याच जणांना माहीत नसतं हो."

बऱ्याच जणांना. मी एकतीस वर्षं काय करत होते, हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पर्समधून दुसरं पान काढलं, अण्णांच्या झाडाचं, त्यांना न सांगता तोडलेलं. त्यालाही दोन रेघा.

"याला औषध?"

"नाही. काढून टाकायचं. जे जे त्या कात्रीखाली गेलंय ते सगळंच, खरं तर."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि रविवारी तसाच घेऊन गच्चीवर आले.

मंगळवारी दुपारी मी न सांगता तिथे गेले. त्या वेळी अण्णा झोपतात. सूनबाईनं दार उघडलं. मी म्हटलं, पाणी घालून जाते. खरं म्हणजे मी फूल तोडायला आले होते. तोडायचं, कागदात गुंडाळायचं, आणि गोगलगायीनं खाल्लं म्हणायचं. गोगलगायीनं याच्या भावंडालाही खाल्लं होतं, अण्णांना खोटं वाटलं नसतं. शिव्या घातल्या असत्या त्यांनी गोगलगायीला आणि पुढच्या वर्षाची वाट बघितली असती. पुढच्या वर्षी मी पुन्हा गोगलगाय झाले असते.

फूल एव्हाना पूर्ण पसरलं होतं. पांढरं खरंच होतं. एक बाजू जवळजवळ नीट होती, आणि त्या बाजूकडून बघितलं तर हे फूल काय झालं असतं याचा अंदाज येत होता. दुसऱ्या बाजूची पाकळी आखडून ओठाला शिवल्यासारखी चिकटली होती. मी देठाला दोन बोटं लावली.

ऑपरेशन संपताना हत्यारं आणि कापडाच्या घड्या मोजतात, आणि त्या मोजणीला मलाही आत उभं करायचे. आधी जेवढ्या होत्या तेवढ्याच भरल्या पाहिजेत. एक जरी कमी आली तर बोलायचं, सर्जन कितीही चिडू दे, रात्र झालेली असू दे. पोट शिवायच्या आधी बोलायचं. नंतर बोलण्याला काही किंमत नसते. हे मी हजारदा केलंय. पण ते सगळं दुसऱ्यांनी विसरलेल्या घड्यांबद्दल होतं, माझ्याबद्दल कधी बोलावं लागलं नव्हतं.

मी देठ सोडला. पाणी घातलं आणि खाली आले.

"झालं एवढ्यात?" सूनबाईनं विचारलं.

"झालं."

"बाबा परवापासून नुसते त्या फुलाच्या गोष्टी करतायत. उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला लावलाय मला. कुणाचं लग्न आहे का, म्हटलं."

बुधवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून काचेच्या खोलीत बसले होते. दाढी केलेली, गालावर एक जागा राहिलेली. उजव्या हाताची करंगळी त्यांनी धुऊन, वाळवून, नुसती हवेत धरली होती.

"आणा," ते म्हणाले.

मी कुंडी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवली, पण त्यांचा हात धरून खाली केला.

"अण्णा, आधी माझं ऐकून घ्या."

मी सगळं सांगितलं. कात्री, स्पिरिट, माझं जांभळं, दोन रेघा. कुठल्या दिवशी काय कापलं आणि कुठल्या क्रमानं, तेही सांगितलं, कारण मला ते पाठ होतं. रविवारी खोटं बोलले तेही सांगितलं. रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांना मला गप्प करायचं काहीतरी काम मिळालं असतं.

अण्णा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "सगळ्या कुंड्या?"

"त्या दिवशी सगळ्याच बदलल्या होत्या."

"हं."

मग त्यांनी करंगळी पुढे केली. वरच्या पाकळीवरून सुरुवात केली, नीट असलेल्या बाजूनं खाली आले, ओठाच्या कडेवर पोचले. चिरलेल्या जागी बोट थांबलं. परत मागे गेलं, परत आलं. मग आखडलेल्या पाकळीच्या खालून, मागून, जिथे ती शिवल्यासारखी होती तिथपर्यंत. लिफ्टच्या तारेत कुठला धागा तुटलाय ते शोधताना त्यांचा हात असाच फिरत असेल. मला बघवेना, पण बघत राहिले. तेवढं तरी माझ्याकडे लागत होतं.

"डाग आहेत?"

"आहेत. ओठावर तीन रेघा. मोठ्या पाकळीवर एक लांब."

"पिवळा आहे का पण?"

"जिथे डाग नाही तिथे पिवळा आहे."

"गडद का फिका?"

"फिका. लोण्यासारखा."

खालून कुठलंतरी दार आपटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्या दुरुस्तीची चौकशी करावी तसं:

"बाई, ह्यातलं माझं किती आणि तुमच्या कात्रीचं किती?"

मी कुंडी जराशी उजेडाकडे फिरवली.

"म्हणजे मी विचारतोय ते असं. ओठ असा मुळातच पसरट असेल. किंवा नसेल. ही पाकळी जरा आखूड, ती याच्या आईचीपण होती. मग हे आईचं, का रोगाचं?"

"नाही सांगता येत."

"त्या तपासणीवालीला?"

"तिलाही नाही येणार. आधीचं चांगलं फूल बघितलं असतं तर ताडून बघता आलं असतं. याचं हे पहिलंच."

"आणि पुढचं?"

"पुढची सगळी अशीच येणार, अण्णा. याच्याहून वाईट."

"म्हणजे हे कसं होतं ते..."

"कुणालाच कळणार नाही."

हे वाक्य मी उच्चारलं आणि मला वाटलं, याच्यापेक्षा गोगलगाय बरी होती.

"बी धरलं तर?" त्यांनी विचारलं.

"बीतून सहसा जात नाही म्हणाली ती."

अण्णा हसले. तोंडातल्या तोंडात, दात न दाखवता. "नऊ वर्षं. मी अठ्ठ्याऐंशीचा. आणि तेही हे नसणार, ह्याची पोरं असणार. जाऊ द्या." त्यांनी करंगळी शर्टाला पुसली. "बाकीची कधी काढताय?"

शनिवारी काढली. इस्पितळाच्या भट्टीवाल्याशी माझी जुनी ओळख. तो पोती घेऊन यायला कबूल झाला. बासष्टातली एकसष्ट त्यांची, माझ्या खिडकीतली एकोणीस. मी मुळापासून उपटत होते, सूनबाई पोत्यांची तोंडं बांधत होती आणि अण्णा खाली खोलीत बसून होते. अर्ध्यात तिनं मला विचारलं, "इतकी हिरवीगार आहेत हो, ह्यातली निम्मी तरी बरी असतील ना?" असतीलही. ती वेगळी काढायला प्रत्येकाचं पान तपासावं लागलं असतं, पुन्हापुन्हा, वर्षभर. मी तिला म्हटलं, "मोजून दिलेलं परत घेत नाहीत." तिला ते कळलं नाही, आणि मलाही नक्की काय म्हणायचं होतं कोण जाणे. भट्टीवाला पोती उचलताना म्हणाला, "वाफबाई, तुमच्या हातचं कधी माझ्याकडे जाळायला आलं नव्हतं!" तो कौतुकानं बोलत होता.

ते एक झाड राहिलं. मी तेही मागायला गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "हे नाही."

"अण्णा, ह्यालाच सगळ्यात जास्त..."

"बाकी काही उरलंच नाही, तर हे कुणाला लावणार रोग?"

मी वर जाऊन ती कुंडी परत स्टुलावर ठेवली.

रविवारी मी जाऊ का नको, असं सकाळपासून घोकत होते. शेवटी पाय वळलेच. काचेची खोली धुऊन काढलेली होती. मांडण्या मोकळ्या, त्यांच्यावर कुंड्यांचे गोल गोल डाग. एका मांडणीवर सूनबाईनं दोन टॉवेल वाळत घातले होते, कडेला, जरा बिचकतच घातल्यासारखे. मधोमध स्टुलावर ती कुंडी आणि तिच्याशेजारी अण्णा. साधा शर्ट.

माझ्या पावलांचा आवाज त्यांनी ओळखला. खुर्ची जरा सरकवून जागा केली.

"फुलाच्या मागे एक पान मऊ पडलंय असं लागतंय बोटाला," ते म्हणाले. "बघता का?"

मी पुढे झाले. कुंडीला हात लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, हात धुतलेत ना?"

टोमणा नव्हता तो. अण्णांना टोमणे मारता येत नाहीत. काळजीनंच विचारलं होतं, आपल्या माणसाच्या खाटेजवळ येणाऱ्या कुणालाही विचारावं तसं. एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आता तर त्या झाडाला माझ्या हातानं आणखी काही होण्यासारखं उरलंही नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

निघताना घरी मी धुतले होते.

"धुते," मी म्हटलं.

कोपऱ्यातल्या नळावर गेले. बाह्या वर केल्या, साबण घेतला. आधी तळवे, मग बोटांच्या मधल्या जागा, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. अण्णा पाण्याचा आवाज बंद व्हायची वाट बघत शांतपणे बसून होते. कुंडी त्यांनी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरली होती.